डाव्या हातातलं भांडं

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीच्या मागचं ड्रेनेज तुंबलं. तळमजल्यावरच्या आम्ही सगळ्यांनी दोन दिवस खिडक्या लावून काढले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते साफ करायला दोघं जण आले. साठीला टेकलेले एक मामा आणि बरोबर त्यांचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. पहारीनं त्यांनी चेंबरचं झाकण उचललं, बांबूच्या लांब पट्ट्या आत सारल्या आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत दोघं फारसं न बोलता राबत राहिले. आमच्या मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. काम उरकल्यावर मामा आले, सगळ्यात खालच्या पायरीच्याही अलीकडे थांबले आणि म्हणाले, "ताई, पाणी मिळंल का जरा?" मी माठातलं पाणी तांब्यात भरलं, तांब्यावर भांडं पालथं घातलं आणि बाहेर आले. पाहुण्याला द्यावं तसंच तांब्या-भांडं. मी दारात येऊन भांडं डाव्या हातात घेतलं मात्र, मामा कमरेत वाकले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. आणि मी ओतलं. तांब्या कलता करून, वीतभर उंचावरून, धार धरून. भांडं डाव्या हातात तसंच राहिलं.

मामा पोटभर पाणी प्यायले. मनगटावरून ओघळ कोपरापर्यंत गेले, शेवटची ओंजळ त्यांनी तोंडावर मारली आणि "लई गार हाय पानी" म्हणून समाधानानं हसले. मी मुलाकडे वळले. तो चार पावलांवर उभा होता. त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, तांब्यावरही नव्हती. तो माझ्या डाव्या हातातल्या भांड्याकडे पाहत होता. "घे ना," मी म्हटलं. त्यानं नकारार्थी मान हलवली आणि पट्ट्या गोळा करायला गेला.

एवढंच घडलं.

कोणी कोणाला वावगं बोललं नाही. मामांनी जाताना हात जोडून "येतो ताई" म्हटलं, सोसायटीनं पैसे दिले, दुपारी वासही गेला. मी मात्र स्वयंपाकघरात ते कोरडं भांडं हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. भांडं मीच घेऊन गेले होते. द्यायचं म्हणूनच घेऊन गेले होते. मग ते दिलं का नाही? मामांनी ओंजळ पुढे केली म्हणून, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण ओंजळ दिसल्यावर "अहो, भांडं घ्या ना" म्हणायला कितीसा वेळ लागतो? तेवढा वेळ माझ्या जिभेला मिळाला नाही, कारण हात आधीच कामाला लागला होता. त्यांचं वाकणं आणि माझं ओतणं यांच्यामध्ये विचाराला जागाच नव्हती. वर्षानुवर्षं एकत्र तालीम केलेल्या दोन नटांसारखे आम्ही वागलो आणि आम्ही तर एकमेकांना जन्मात पहिल्यांदा भेटत होतो.

ही तालीम माझ्याकडून कधी करून घेतली गेली, ते आठवायला मला फार लांब जावं लागलं नाही. माझं आजोळ माढा तालुक्यातलं. गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्या कोनाड्यात कान तुटलेला, निळ्या फुलांचा एक कप पालथा ठेवलेला असायचा. गावात लग्न असो, जत्रा असो, हलगी वाजवायला येणारे एक म्हातारे आजोबा होते. एरवी लाकडं फोडायलाही तेच यायचे. चहाची वेळ झाली की ते उठून कोनाड्यातला कप घ्यायचे, डोणीतल्या पाण्यानं विसळायचे आणि उकिडवे बसून पुढे धरायचे. आजी वरून चहा ओतायची. चहा पिऊन झाला की ते कप पुन्हा विसळायचे, बोटानं आतून घासायचे आणि होता तसा कोनाड्यात पालथा ठेवून द्यायचे. मला वाटायचं, आजोबांचा मान म्हणून हा कप वेगळा ठेवलाय. घरातल्या बाकी कपांवर फुलं नव्हती. मी आठ वर्षांची होते आणि आजोबांच्या वयाच्या त्या माणसाला "ए, तू हलगी तापव ना" असं म्हणत होते, तेही मला कोणी शिकवलेलं नव्हतं. आजी मायाळू होती, हे मी आजही म्हणेन. त्या आजोबांना ताप आला तेव्हा तिनं त्यांच्या घरी तांदळाची पेज पाठवली होती. ती पेज आणि तो कप एकाच बाईचे होते, आणि या दोन गोष्टींची सांगड मला पन्नाशीतही घालता येत नाही.

त्या रात्री झोप लागेना. डोळ्यांपुढे मामांची वाकलेली पाठ येत होती, आणि त्या पाठीच्या मागून हळूहळू दुसरीच एक पाठ वर आली. 'फँड्री'मधल्या कचरू मानेची.

नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट फेब्रुवारी २०१४ मध्ये लागला तेव्हा मी तो पुण्यात थिएटरात पाहिला होता. गावाच्या कडेला राहणारं, गावासाठी डुकरं पकडणारं एक कैकाडी कुटुंब, त्यातला शाळकरी जब्या आणि त्याचा बाप कचरू, ही कथा तुम्हाला ठाऊक असेल. मला इथं कथेबद्दल बोलायचंही नाही. मला बोलायचंय ते किशोर कदम यांच्या पाठीबद्दल. कचरू पाटलासमोर उभा राहतो तेव्हा त्याचे हात जोडलेले नसले तरी जोडल्यासारखे दिसतात. समोरचा बोलायला लागला की याची मान आधी होकार देते, वाक्य नंतर संपतं. हसू येतं तेही अर्धं, परवानगीची वाट पाहणारं. आणि तोच माणूस घरी आला की पोरावर डाफरतो, तेव्हा त्याचा आवाज मोठा होतो, छाती पुढे येते, बोट उगारलं जातं. एकाच माणसाची ही दोन शरीरं. बाहेरचं उसनं आणि घरातलं खरं, असंही म्हणता येत नाही, कारण घरातल्या रागात बाहेरचं वाकणंच साठलेलं असतं. किशोर कदम यांना आपण 'सौमित्र' म्हणून, कवी म्हणूनही ओळखतो. सत्यदेव दुबेंच्या हाताखाली तयार झालेला हा शब्दांचा माणूस. त्या माणसानं या भूमिकेत शब्द जवळजवळ बाजूला ठेवले आणि मणका तेवढा बोलता केला.

माझी भाची जर्मनीत असते. तिनं तिकडच्या दोन मैत्रिणींना हा चित्रपट सबटायटल लावून दाखवला. संवाद सगळे समजले, गोष्टही समजली. शेवटी एकीनं विचारलं, "मुलाच्या वडिलांना पाठीचं दुखणं आहे का?" भाचीनं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही दोघी गप्प झालो. त्या मुलीला दोष देण्यासारखं काहीच नव्हतं. तिनं अगदी बरोबर पाहिलं होतं. हा माणूस सतत वाकलेला आहे, एवढं तिच्या डोळ्यांनी टिपलं होतं. त्याचा अर्थ मात्र तिच्याकडे नव्हता. आपल्याला तो विचारावाही लागत नाही. कचरू पडद्यावर आल्यापासून दहा सेकंदांत थिएटरातल्या प्रत्येकाला कळलेलं असतं की हा कुठल्या बाजूला राहतो, कोणासमोर बसू शकतो आणि कोणासमोर नाही. ही लिपी आपल्याला सहज वाचता येते, कारण आपण ती लहानपणीच गिरवलेली असते, वाकणाऱ्याच्या बाजूनं किंवा ओतणाऱ्याच्या बाजूनं. तेव्हा थिएटरात मला कचरूची पाठ अचूक वाचता आली याचा अभिमान वाटला होता, चोखंदळ प्रेक्षक असल्याचा. आता त्या अचूकपणाचीच भीती वाटते.

अमेरिकेतल्या वंशभेदावरचा एक जुना चित्रपट यासोबत मला नेहमी आठवतो. नॉर्मन ज्युइसन यांचा १९६७ सालचा 'इन द हीट ऑफ द नाइट'. सिडनी पॉटिए यांनी त्यात फिलाडेल्फियाचा पोलिस अधिकारी व्हर्जिल टिब्स रंगवलाय. मिसिसिपीतल्या एका छोट्या गावात रात्री रेल्वेची वाट पाहत बसलेला असताना त्याला खुनाच्या संशयावरून पकडतात. काय संशय? कातडी काळी, आणि पाकिटात पैसे. तोंड उघडण्याआधी त्याचं सगळं वाचून झालेलं असतं. पुढे कापसाच्या शेतांचा मालक एंडिकॉट याच्या काचघरात, ऑर्किडच्या कुंड्यांमध्ये, टिब्स त्याला सरळ प्रश्न विचारतो. एंडिकॉट त्याच्या थोबाडीत मारतो. आणि क्षणाचाही विलंब न लावता टिब्सचा हात उठतो, एंडिकॉटच्या गालावर. मला त्या थपडेपेक्षा तिच्यानंतरची शांतता जास्त लक्षात राहिलीय. घरातला काळा नोकर तिथंच उभा आहे. गोरा पोलिसप्रमुख उभा आहे. "आता तू काय करणार?" असं एंडिकॉट त्याला विचारतो, आणि त्याला काय करावं ते खरंच माहीत नसतं, कारण एक काळा माणूस उलट हात उचलतो या प्रसंगाची तालीम त्या खोलीतल्या कोणीच केलेली नसते. सगळे निघून गेल्यावर एंडिकॉट रडतो. पॉटिए यांनी त्या संबंध चित्रपटात आपला मणका ज्या सरळपणे धरलाय, तो सरळपणाच त्या गावाला उद्धटपणा वाटतो. हे चित्रीकरण मिसिसिपीत झालंच नाही, ते बहुतांशी इलिनॉय राज्यात झालं, कारण दक्षिणेत जायला पॉटिए यांना धोका वाटत होता. पडद्यावर सरळ उभं राहायचं म्हणून प्रत्यक्षात जागा बदलावी लागली.

वंश आणि जात एकच, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या काळ्या चळवळीशी आपलं नातं आहेच, मुंबईतल्या तरुणांनी १९७२ साली 'दलित पँथर' हे नाव घेतलं ते तिकडच्या ब्लॅक पँथरवरूनच. पण एक फरक मला त्या रात्री पहिल्यांदा नीट दिसला. टिब्सचं काळेपण दुरून दिसतं, त्याला ते सांगावं लागत नाही. जात कातडीवर अशी खात्रीनं दिसत नाही. आमचे ड्रेनेजवाले मामा आणि माझे स्वतःचे काका शेजारी उभे केले तर रंगावरून कोणी काही ओळखू शकणार नाही. काका अंमळ जास्तच सावळे आहेत. मग ज्या गोष्टीची कातडीवर खूण नाही, ती पिढ्यान्‌पिढ्या ओळखू कशी यायची? ती चालण्यात ठेवली गेली. बसण्यात, उभं राहण्याच्या अंतरात, पायरीच्या अलीकडे थांबण्यात, ओंजळीत. कपड्यांवरून, आडनावावरून ओळखायचं ते वेगळंच. पण सगळ्यात पक्की खूण शरीराच्या सवयीत, आणि ती दोन्ही बाजूंच्या शरीरांनी जपायची. एकट्या वाकणाऱ्यानं वाकून ती पुरी होत नाही. समोर उंचावरून ओतणारा हात लागतोच.

आणि तरीही रंग यात घुसतोच. 'फँड्री'तला जब्या आरशासमोर उभा राहून तोंडाला पावडर फासतो, नाक सरळ व्हावं म्हणून कपडे वाळत घालायचा चिमटा नाकाला लावतो. थिएटरात त्यावर लोक हसले होते, मीही हसले होते. आता ते हसू आठवलं की घशाशी येतं. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला कोणीतरी, कधीतरी, एक शब्दही न बोलता कळवलेलं आहे की त्याचा चेहरा चुकीचा आहे. शाळेत आम्ही चोखोबांचा अभंग पाठ केला होता, "काय भुललासी वरलिया रंगा". पाठांतराला मला पैकीच्या पैकी गुण होते. त्याच वर्षी आमच्या वर्गातली एक मुलगी रोज शेवटच्या बाकावर एकटी बसायची, डबाही खिडकीकडे तोंड करून खायची, आणि आमच्यातल्या एकीलाही उठून तिच्या बाकावर जाऊन बसावंसं वाटलं नाही.

पडद्याचंही असंच होतं. १९३६ सालच्या 'अछूत कन्या'मध्ये अस्पृश्य मुलीची भूमिका देविका राणींनी केली. कोरीव भुवया, मेणासारखी गोरी कांती आणि राजघराण्यातल्या मुलीसारखी मान. चित्रपटाचा हेतू चांगला होता, काळाच्या पुढचा होता. पण ते शरीर कधी कोणासमोर वाकलं असेल यावर विश्वास बसत नाही. १९५९ मध्ये बिमल रॉय यांच्या 'सुजाता'साठी नूतनला मेकअपनं सावळं केलं. नूतन फार मोठी अभिनेत्री. तिनं पापण्यांच्या हालचालीतून ती मुलगी उभी केली, आणि मी तो चित्रपट दर वेळी रडत पाहते. तरी विचार करा, एका गोऱ्या चेहऱ्याला काळं करावं लागलं, म्हणजे मग आपल्याला तिची कीव करता आली. आणि पन्नासहून जास्त वर्षांनी एक खरोखरचा काळा पोरगा पडद्यावर येतो आणि तो चेहऱ्यावर पांढरी पावडर फासतो. मेकअपचा डबा तोच, बोटं उलट्या दिशेनं चाललेली.

तो पोरगा म्हणजे सोमनाथ अवघडे. करमाळा तालुक्यातल्या केम गावचा. हलगी वाजवताना दिग्दर्शकाच्या नजरेत भरलेला. त्याआधी त्यानं कॅमेऱ्यासमोर कधी काम केलं नव्हतं, आणि या पहिल्याच कामासाठी त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला वाटतं, त्या हलगीत बरंच काही होतं. माझ्या आजोळचे ते आजोबा हलगी वाजवायचे तेव्हा मी त्यांना पाहिलेलं आहे. गवताची काडी-काटकी पेटवून ते हलगी तापवायचे, कातडं ताणलं गेलं की टिचकी मारून कान देऊन ऐकायचे, आणि मग उभे राहायचे. उभे राहिले की ते दुसरेच कोणीतरी असायचे. खांदे मोकळे, पाय रोवलेले, मान वर, डोळे अर्धवट मिटलेले. कप पुढे धरून उकिडवा बसणारा माणूस त्या वेळी त्या अंगात नसायचा. हलगी वाकून वाजवताच येत नाही. हे मला तेव्हाही कळत होतं, शब्दांत नाही, पण त्यांच्याकडे बघताना मी त्या वेळी त्यांना 'ए तू' म्हणू शकले नसते.

जब्याच्या अंगात हा हलगीचा ताठपणा आहे, आणि चित्रपटभर त्याच्यावर वाकण्याची सक्ती होत राहते. तो वडिलांचं वाकणं शिकायला तयार नाही. संपूर्ण गोष्टीत तो वर्गातल्या, वरच्या जातीतल्या शालूशी धड एक वाक्य बोलत नाही. नुसता बघतो. वर्गात मान तिरकी करून, रस्त्यात थबकून, भिंतीआडून. त्याचं सगळं प्रेम नजरेत आहे, आणि ज्या गावात कोणी कोणाकडे किती वेळ बघायचं हेही ठरलेलं आहे, तिथं ती नजर हाच गुन्हा. जत्रेत तो बेभान नाचतो, आणि थोड्या वेळानं त्याच मिरवणुकीत त्याच्या डोक्यावर गॅसबत्ती ठेवली जाते. बाकीची पोरं त्याच्या उजेडात नाचतात. डोक्यावर ओझं असलं की मान हलवता येत नाही, डोळे पुसायला खाली बघता येत नाही. त्याचे डोळे भरून येतात आणि तो ताठ उभा राहतो, कारण त्याला ताठच उभं राहावं लागतं. सबंध चित्रपटात त्याला हवा असलेला ताठपणा गाव त्याला देतं ते अशा रीतीनं.

एक बारीकशी गोष्ट भाषेची. 'फँड्री' हा कैकाडी भाषेतला शब्द, अर्थ डुक्कर. घरात तो साधा शब्द आहे, आपण कोंबडी म्हणावं, शेळी म्हणावं, तसा. गावातली पोरं तो उचलतात आणि जब्याच्या पाठीवर फेकतात. शब्द तोच राहतो, पण त्याच्याबरोबर आलेलं हसू, ओठांचा तो कोपरा, मागून येणारी ती हाक, यांनी त्याचा धोंडा होतो.

आणि राष्ट्रगीताचा प्रसंग. डुक्कर कोंडीत सापडलंय, आता झडप घालायची, आणि शाळेतून 'जन गण मन' सुरू होतं. जब्या थांबतो. घरचे थांबतात. सगळं कुटुंब चिखलात, घाणीत, जिथल्या तिथं सावधान. डुक्कर आरामात निघून जातं. त्या दिवशी पुण्यात चित्रपट सुरू होण्याआधी, आपल्याकडे रिवाज आहे तसं, राष्ट्रगीत झालं होतं आणि आम्ही सगळे उभे राहिलो होतो. आता पडद्यावरचं राष्ट्रगीत लागलं तेव्हा पुढच्या रांगेतले काही जण चाचपडत उठले. त्यांना बघून आणखी काही उठले. काही बसूनच राहिले. मी अर्धवट उठले, खुर्चीची बैठक मागे मिटली आणि मी गुडघ्यांत वाकलेली तशीच राहिले, उभीही नाही, बसलेलीही नाही. आजूबाजूला अंधारात सगळीकडे तीच घालमेल चालली होती. इतक्या माणसांच्या अंगांना एकाच क्षणी काय करावं ते कळेना, असं मी पुन्हा कुठल्या थिएटरात पाहिलेलं नाही. पडद्यावर ते कुटुंब मात्र निश्चल होतं. त्यांना नेमकं माहीत होतं कसं उभं राहायचं ते.

त्यानंतर डुक्कर सापडतं. बांबूला उलटं टांगून ते घेऊन जातात, आणि वाटेत भिंतीवर बाबासाहेबांची, सावित्रीबाईंची चित्रं आहेत. भिंतीवरची माणसं सरळ समोर बघतायत आणि खाली ओझ्यानं खांदे झुकलेले. कॅमेरा काहीही न सांगता तेवढं दाखवतो.

बाबासाहेबांचं ते चित्र आठवलं आणि रात्री दोनच्या सुमाराला मी अंथरुणातून उठून बसले. कारण मला महाड आठवलं होतं. मी चवदार तळ्यावर दोनदा गेलेले आहे. तळ्याच्या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येतं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, असा समाजसुधारक सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ सालीच झाला होता, महाडच्या नगरपालिकेनंही पुढच्या वर्षी तो मान्य केला होता. कागदावर सगळं झालेलं होतं. पण शरीर अजून तळ्यापाशी गेलेलं नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर चालत गेले, पायऱ्या उतरले, वाकले, आणि ओंजळीनं पाणी प्यायले. तीच ओंजळ. तेच वाकणं. दोन हातांचे तळवे तसेच जुळलेले. पण या ओंजळीवर वरून ओतणारं कोणी नव्हतं, ती स्वतः पाण्यात उतरली होती. बघताना एखाद्या परक्याला दोन्ही ओंजळी सारख्याच दिसतील. गावातल्या सवर्णांना मात्र फरक लगेच कळला. त्यांनी परतणाऱ्या लोकांना मारहाण केली, आणि नंतर शेण-गोमूत्राच्या घागरींनी तळं 'शुद्ध' करून घेतलं.

माझ्या दारातल्या मामांनी त्यातली कुठली ओंजळ पुढे केली होती, हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारणार तरी कोणत्या तोंडानं? कदाचित हात घाण आहेत, उगाच भांडं कशाला खराब करायचं, एवढाच साधा विचार असेल. सकाळपासून चेंबरमध्ये काम केलेला माणूस तसा विचार करू शकतो. मी स्वतःला हे पुष्कळदा सांगितलं, आणि ते खरंही असेल. पण त्यांच्या मुलाची नजर या सांगण्यात बसत नाही. त्यानं मला सोडलं नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत. त्यानं फक्त भांडं पाहिलं. जब्या शेवटी दगड उचलतो, तो आपल्याच अंगावर येतो आणि पडदा काळा होतो, तेव्हा थिएटरात मी दचकून डोळे मिटले होते. या पोरानं दगड उचलला नव्हता. त्याची तहान मात्र खरी होती, त्या उन्हात ओठ पांढरे पडलेले मी पाहिले होते, आणि तो तसाच गेला.

दिवाळीच्या आधी ड्रेनेज पुन्हा तुंबलं. मी सकाळपासून मागचं दार उघडंच ठेवलं होतं. या वेळी मामा एकटेच आले. मुलगा कुठंय विचारलं तर म्हणाले, "त्यो नाय येत आता ह्या कामाला. नगं म्हनतो." त्यांच्या आवाजात तक्रार होती की समाधान, मला कळलं नाही. दुपारी मी त्यांनी मागायची वाट न बघता तांब्या-भांडं घेऊन तिन्ही पायऱ्या उतरले, भांडं भरलं आणि पुढे धरलं. मामांचे हात ओंजळीसाठी वर आलेच होते. ते मधेच थांबले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हात विजारीला दोनदा पुसले, आणि भांडं घेतलं. ओठांना न लावता, मान मागे टाकून, वरून पाणी घशात सोडलं. थोडं मानेवरून शर्टात गेलं. मी पुन्हा भरलं, त्यांनी पुन्हा तसंच प्यायलं.

मी रिकामं भांडं घ्यायला हात पुढे केला. ते तोवर बागेच्या नळाकडे वळले होते. "राहू द्या मामा, राहू द्या," मी म्हणत होते. त्यांनी नळ सोडला, भांडं विसळलं, बोटानं आतून घासलं, पुन्हा विसळलं, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर पालथं ठेवून दिलं.